परसाकडे लागली तर दाबू नका

कापसाची पऱ्हाटी फुटली की वेचणी सुरू होते आणि बायांच्या पोटाच्या तक्रारीही. सकाळी सातलाच घर सोडायचं. वावरात आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लागलीच तर घरी परतेपर्यंत दाबून धरायची. काही दिवसांत पोट घट्ट होतं आणि दुकानातून चूर्णाची पुडी येते. पुडीनं पोट मोकळं होतं, कारण मात्र वावरातच राहतं.

अन्नातलं पचण्याजोगं बहुतेक सगळं लहान आतड्यात शोषलं जातं. उरलेला पातळ चोथा मोठ्या आतड्यात येतो आणि तिथं त्यातलं पाणी ओढून घेतलं जातं. चोथा जितका जास्त थांबेल तितका सुकतो. घाई दाबली की ती थोड्या वेळानं शमते, सुकणं मात्र थांबत नाही. रोज असं झालं तर गुदाशयाला त्या ताणाची सवय होते आणि लागल्याची जाणीवच बोथट होते. मग कुंथावं लागतं, आणि कुंथण्यातून मूळव्याध नाहीतर गुदद्वाराला चीर.

म्हणून पहिला उपाय वेळेचा. पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप पुढं ढकलू लागतं, आणि सकाळी हा जोर सगळ्यांत जास्त असतो. अर्धा तास लवकर उठून कोमट पाणी किंवा चहा आणि रात्रीच्या भाकरीचा तुकडा घ्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी बसावं. दहा मिनिटांत नाही झालं तर उठावं, कुंथत बसू नये. उकिडवं बसल्यावर वाट सरळ होते. गुडघ्यांमुळे कमोड वापरणाऱ्यांनी पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा. ‘खर्रा खाल्ल्याशिवाय होत नाही’ म्हणणारे गावोगाव आहेत. तंबाखूतलं निकोटीन आतडं हलवतं, हे खरं. पण तेच काम चहा-भाकर करते आणि तिनं तोंडाचा कॅन्सर होत नाही.

वावरात तुराट्या रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा केला, तर बाया पाणी प्यायला घाबरत नाहीत. सोबत दोन लिटरची कॅन न्यावी, तासाला एक पेला प्यावा. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की दोन लिटरही पुरत नाही. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

आता चोथ्याचं. दिवसाला साधारण 30 ग्रॅम तंतू, म्हणजे अन्नातला न पचणारा चोथा (फायबर), पोटात जायला हवेत. शंभर ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 10 ग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात तीनपेक्षाही कमी. दोन भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ लागलं, म्हणजे 15 ग्रॅम तिथंच मिळाले. वाटीभर तुरीचं वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, वर एक पेरू एवढ्यात आकडा तिशीजवळ जातो. ज्वारीत जादू नाही. कोंड्यासकट दळलेला गहूही तितकाच चांगला, फक्त बारीक चाळणीनं कोंडा काढून म्हशीला घालू नये. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचं वावर आटलं आणि रेशनचा तांदूळ दोन्ही वेळच्या ताटात आला, तिथंच गणित बिघडलं. भंडारा-गोंदियाकडे भात सुटणार नाही, सुटायलाही नको. त्या ताटात भाजी आणि वरणाचा घट्टपणा वाढवावा.

जवस चांगलं, पण अख्खं गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. भाजून कुटलेली चटणी रोज दोन चमचे पुरे. सवय नसताना एकदम हरभरा-वाल वाढवले की पोट फुगतं, कारण त्यांतली काही साखर आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ती खातात आणि गॅस सोडतात. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी फेकावं, प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं.

एवढं करूनही भागलं नाही तर इसबगोल: एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. कोरडं फाकलं तर घशात फुगून अडकू शकतं. सोनामुखीचं चूर्ण कधीमधी ठीक, रोजचं नाही. जुलाबासारखं होत राहिलं तर अंगातलं पोटॅशियम घटतं.

लोहाच्या गोळ्यांनीही पोट घट्ट होतं आणि शौच काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, गोळ्या बंद करू नयेत. गोळ्या सुरू नसताना डांबरासारखी काळी शौच झाली, रक्त पडलं, वजन उतरू लागलं किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, तर मूळव्याधच असेल असं धरून जडीबुटीवाल्याकडे न जाता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, अशा वेळी चूर्ण अजिबात देऊ नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.