नाइटच्या सिस्टरला कोण विचारतंय, जेवलीस काय?

माझी धाकटी बहीण बेळगावात एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे, घर आमचं खानापूरला, नाइट संपवून सकाळच्या बसनं येते तेव्हा दारातच तिचं तोंड बघून कळतंय रात्र कशी गेली ते. मागच्या पावसाळ्यात एकदा आली आणि भिजलेली छत्री हातात धरूनच सोप्यात बसून राहिली. आईनं दिलेला चहा गार झाला. मग हळूहळू सांगितलं. इन्सुलिनच्या सिरिंज पंपाचा (शिरेतून औषध हळूहळू सोडणारं मशीन) रेट तिला जास्त वाटत होता, डॉक्टरांना विचारावं असं मनात पण आलं, पण तासाभरापूर्वीच दुसऱ्या पेशंटचं काहीतरी विचारल्यावर "एवढं पण कळत नाही काय तुला" असं नातेवाइकांसमोर ऐकून घेतलं होतं, म्हणून परत विचारलंच नाही. सकाळी हँडओव्हर घेताना दुसऱ्या सिस्टरच्या लक्षात आलं, शुगर उतरायला लागली होती. पेशंट सुखरूप आहे, पण ही दोन दिवस धड जेवली नाही.

हे असं का होतं यावर इस्रायलमध्ये एक प्रयोग झालाय, २०१५ साली छापून आला. नवजात बाळांच्या आयसीयूतल्या २४ टीमना ट्रेनिंगमध्ये एक केस दिली, मुदतीआधी जन्मलेलं बाळ, आतड्याच्या आजारानं अचानक बिघडत चाललेलं (खरं बाळ नव्हे, सगळं सिम्युलेशन). काही टीमना परदेशातला एक एक्स्पर्ट टोचून बोलला, तुमच्याकडच्या मेडिकलचा दर्जा मला काही पटला नाही, अशा थाटात. शिवी नाही, आरडाओरडा नाही, तेवढंच. बाकीच्या टीमशी तो साधंच बोलला. टोमणा ऐकलेल्या टीमचं निदान पण घसरलं आणि हातचं काम पण, आणि त्यामागचं मोठं कारण असं निघालं की त्या लोकांनी एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी केलं. माझ्या बहिणीनं डॉक्टरांना परत विचारलं नाही ते हेच की!

आणि आमच्या भागात तर पेशंट चंदगडकडचा मराठी, डॉक्टर कन्नड, शेजारच्या बेडची सिस्टर केरळची, म्हणजे साधी शंका विचारायची तरी कुठल्या भाषेत विचारू म्हणून माणूस आधीच बिचकलेलं असतं, त्यात कुणी वसकन अंगावर आलं की तोंड बंदच.

वर वेळ रात्रीची. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे, तेच आपल्या शरीराचं घड्याळ, ते उजेडावर चालतं, ड्युटी चार्टवर नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि लक्ष पण तिथंच सुटतं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं, सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्याकडं गाडी चालवायची लिमिट ०.०३ आहे. सकाळी दहाला उठून नाइटला गेलेल्या मुलीचे १७ तास पहाटे तीनला भरतात, आणि तिच्या हातात स्टेअरिंग नाही, पंप असतोय.

पेशंट किती द्यायचे याचा पण हिशेब आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये आला, त्यात एका नर्समागं एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्सच्या बर्नआउटची, म्हणजे कामानं पार थकून मन उडून जाण्याची, २३ टक्क्यांनी.

म्हणून स्टाफला नुसतं "पॉझिटिव्ह राहा" सांगितलेलं मला पटत नाही. ध्यान, योगा चांगलंच, बहीण पण करते. पण २०१९ मध्ये डब्ल्यूएचओनं बर्नआउटची जी व्याख्या केली त्यात त्याला आजार म्हटलेलंच नाही, कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ तसाच राहू दिला की जे होतं ते बर्नआउट. मग उपाय पण तिथंच करायला पाहिजे. नाइटमध्ये आळीपाळीनं २०-३० मिनिटं आडवं व्हायला जागा द्या, एवढ्या झोपेनं पण लक्ष टिकतं. घरी येताना तिला आम्ही गॉगल घालायला लावतो, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की घड्याळ म्हणतंय दिवस उजाडला आणि मग झोप लागत नाही.

गेल्या महिन्यापासून तिच्या नाइटला हुक्केरीकडच्या एक इनचार्ज अक्का आल्यात. रात्री एकच्या राउंडला पेशंट बघून झाले की प्रत्येकीला विचारतात, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं काय? नाही म्हटलं तर जेवायला पाठवतात आणि तेवढा वेळ स्वतः तिच्या बेडपाशी उभ्या राहतात. परवा पोटॅशियमच्या ऑर्डरचं अक्षर कळत नव्हतं, १० की २०, तर बहीण सरळ म्हणाली, "अक्का, हे जरा बघा की." अक्कांनी चष्मा वर करून बघितलं, त्यांना पण कळलं नाही, तिथंच डॉक्टरांना फोन लावला. १० होतं.