बॅरलचा पीळ आणि गोळीची लांबी : पार्श्वभूमी

कोकणात बंदूक म्हटली की आधी डोळ्यांसमोर येते ती शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, नाहीतर काडतुसाची. रानडुकरे भातात शिरली की बार काढायला ती पुरते. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे पिळाचा, म्हणजे गोळीला फिरवून स्थिर ठेवणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचांचा, प्रश्नच येत नाही. तो इथे आला पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची छोट्या रायफलीच्या) नेमबाजीमुळे आणि नोकरी संपवून गावी परतलेल्या फौजींमुळे. दोघे जाणकार भेटले की वाद ठरलेला : सात इंचांत एक फेरा देणारी नळी चांगली की बारा इंचांत?

जुना इतिहास थोडक्यात. पिळाच्या नळ्या युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आल्या. १८५३ च्या एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीला ७८ इंचांत एकच फेरा होता आणि तिच्या आखूड, जाड शिशाच्या गोळीला तेवढा पुरत होता. गोळ्या बारीक आणि लांब होत गेल्या तसा पीळ घट्ट झाला, म्हणजे कमी इंचांत एक फेरा. थ्री-नॉट-थ्रीत तो १० इंचांवर आला, तोही डावीकडे वळणारा. १८७९ मध्ये इंग्लंडमधल्या वुलिचच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने तोफगोळ्यांसाठी काढलेले सूत्र आजही हिशेबाला पुरते : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणायचे आणि गोळीच्या लांबीने भागायचे, सगळे इंचांत; येईल तितक्या इंचांत एक फेरा हवा. वेग सेकंदाला २८०० फुटांवर गेला तर १५० ऐवजी १८०. यात वजन कुठेच नाही. डब्यावर मात्र ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) छापलेले असतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

खरे भांडण फाइव्ह-फाइव्ह-सिक्सचे, म्हणजे ५.५६ मिलिमीटरच्या लष्करी गोळीचे. अमेरिकेच्या तेव्हाच्या नव्या रायफलीला, एम-१६ ला, सुरुवातीला १४ इंचांचा पीळ होता. तो छोट्या शिकारीच्या रायफलींवरून उचललेला, ५५ ग्रेनच्या गोळीला जेमतेम पुरणारा. थंड हवा दाट असते आणि दाट हवेत गोळी स्थिर ठेवायला जास्त फेरे लागतात. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत गोळी डगमगू लागली आणि १९६३ मध्ये पीळ १२ इंचांवर आणला गेला. त्यावर ओरड झाली की गोळी जास्त स्थिर झाली, आता ती अंगात उलटणार नाही, तिचा घातकपणा गेला. हा आक्षेप मला कधीच पटलेला नाही. शरीर हवेच्या शेकडो पट दाट असते, तिथे गोळी उलटायची ती उलटतेच. दोन इंचांच्या फरकाने ती थांबत नाही.

१९८० मध्ये नाटोने ६२ ग्रेनची, पोलादी टोक पोटात असलेली बेल्जियन गोळी स्वीकारली. इथे सूत्र लावून पाहा : व्यास ०.२२४ इंच आणि वेग जास्त म्हणून १८०. जुनी ५५ ग्रेनची गोळी साधारण ०.७५ इंच लांब, म्हणजे पीळ १२. नवी ०.९ इंच, म्हणजे १०. पोलाद शिशापेक्षा हलके, म्हणून थोडा घट्ट घेऊन ९. मग ७ आला कुठून? तिच्या जोडीच्या ट्रेसर, म्हणजे जळत जाऊन मार्ग दाखवणाऱ्या, गोळीमुळे. पेटता मसाला भरायला जागा हवी म्हणून ती १.१५ इंच लांब झाली. वजन मात्र ६४ ग्रेनच्या आतच. सूत्राने तिला आठाच्याही खालचा पीळ लागतो आणि थंडीची बेगमी धरून सात ठरला. म्हणजे रात्री रेघ दिसावी म्हणून घेतलेला निर्णय पुढे अचूकतेचा मापदंड म्हणून मिरवला गेला. निशाणाच्या कागदावर सगळ्या गोळ्या जवळजवळ पाडणाऱ्याला ट्रेसरशी काय देणेघेणे? उलट पातळ कवचाची हलकी गोळी सातच्या नळीतून पूर्ण वेगाने सोडली तर ती मिनिटाला तीन लाखांवर फेरे घेते आणि कधीकधी हवेतच फुटते. आता बऱ्याच नव्या रायफली आठवर थांबतात ते बरेच आहे. ७७ ग्रेनची लांब गोळीही त्यात सांभाळली जाते.

किनाऱ्यावर थंडीची धास्ती नाही, पण समुद्रसपाटीची हवा घाटमाथ्यापेक्षा दाट असते. महाबळेश्वरच्या उंचीवर काठावर स्थिर राहणारी गोळी खाली रत्नागिरीच्या सकाळी डळमळू शकते. दमटपणाला उगाच दोष देतात. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. खारी हवा नळी गंजवते ते वेगळे.

आपली नळी कितीची हे पाहायला कारखान्याचा कागद लागत नाही. साफ करायच्या फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट चिंधी लावावी, गजावर खूण करावी आणि ती पूर्ण फिरून वर येईपर्यंत गज किती इंच सरकला ते मोजावे. पॉइंट टू-टूत हे माप बहुधा १६ येते, ४० ग्रेनच्या गोळीसाठी ठरवलेले. त्याच नळीत ६० ग्रेनची लांब गोळी घातली की ती डळमळून आडवी लागते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी, लांबट फट दिसते.