लष्करी तळांच्या परिसरातील छायाचित्रण (कोकण किनारा)

लष्करी किंवा आरमारी तळाच्या कुंपणाबाहेर चालणारे रोजचे जीवन, तेथे येणारेजाणारे लोक आणि तळाभोवतीच्या जुन्यानव्या वास्तू यांचे छायाचित्रण. युद्धछायाचित्रणाशी त्याचा संबंध नाही आणि लष्कराच्या स्वतःच्या प्रसिद्धी विभागाकडून होणारे चित्रीकरणही त्यात मोडत नाही. तळामुळे गावाला किंवा शहराच्या एखाद्या भागाला जे रूप येते, त्याची नोंद बाहेरच्या माणसाने कॅमेऱ्यातून ठेवणे, एवढीच त्याची व्याप्ती आहे. कोकण किनाऱ्यावर ही नोंद अगदी भिन्न अशा दोन परिस्थितींत होते. मुंबईतील कुलाबा व नौदल गोदी, मालाडजवळील मार्वे आणि उरणनजीकचे करंजा येथे नौदलाचे चालू तळ आहेत. अलिबाग, हर्णै, विजयदुर्ग, मालवण ही एकेकाळची आरमारी ठाणी मात्र आज पर्यटनस्थळे आहेत. चालू तळापाशी कॅमेरा खाली घ्यावा लागतो, तर जुन्या ठाण्यांवर लोक छायाचित्रे काढण्यासाठी मुद्दाम येतात. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर, एकाच प्रकारच्या वास्तूबद्दल, केवळ तिच्या वयामुळे दोन टोकांचे नियम लागू होतात.

मुंबई इलाख्यात वास्तूंच्या सरकारी छायाचित्रणाचा आरंभ लष्करी माणसाच्या हातून झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबई तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांची १८५५ च्या सुमारास या कामावर नेमणूक झाली आणि त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली. पुढे ते काम वैद्यकीय सेवेतील डॉ. पिगू यांच्याकडे गेले. त्याआधीच, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकारही तिच्यात होते. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईस येणाऱ्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ चित्रे जोडकामाची आहेत, म्हणजे माणसे एका जागी टिपलेली आणि मागचे दृश्य दुसरीकडून आणून चिकटवलेले. रस्त्यावरची खरी वर्दळ टिपण्याइतके त्या काळचे तंत्र जलद नव्हते, हे त्याचे एक कारण. याच दशकात मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडण्यात आली आणि तटाबरोबर कोटाच्या दरवाजांवरचे लष्करी जीवनही दिसेनासे झाले. जे उरले ते नौदलाच्या ताब्यातील बॉम्बे कॅसल या जुन्या किल्ल्याच्या आवारात उरले, आणि तेथे आज सर्वसामान्य माणसाला मोकळा प्रवेश नाही.

मुंबईतील या छायाचित्रणाचे सर्वांत गजबजलेले ठिकाण म्हणजे गेटवे ऑफ इंडिया आणि त्याला लागून असलेला गोदीचा परिसर. गेटवेचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. १९७१ मध्ये याच तारखेच्या रात्री नौदलाने कराचीवर हल्ला केला आणि तेव्हापासून ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो. हा योगायोग असला, तरी त्या आठवड्यात गेटवेसमोर नांगरलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या युद्धनौका पाहायला जमणाऱ्या गर्दीला त्याचे काही देणेघेणे नसते. येथील फिरते छायाचित्रकार गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याच्या छायाचित्रांचा अल्बम आणि खांद्यावरच्या पिशवीत लहानसा प्रिंटर घेऊन उभे असतात. गावाहून आलेल्या कुटुंबाला ते ओळीत उभे करतात, लहान मुलाला पुढे बसवतात, नव्या नवऱ्याला हात लांब करून ताजचा घुमट चिमटीत धरल्यासारखा धरायला सांगतात आणि काही मिनिटांत कागदावर छापलेली प्रत हातात देतात. प्रत्येक हातात मोबाइल आल्यावरही हा धंदा पुरता बुडाला नाही. छापलेली प्रत हवी असणारे गिऱ्हाईक अजून आहे, आणि उभे कसे राहावे हे सांगणारा माणूसही लोकांना हवा असतो. मुंबई पाहायला आलेल्या माणसांची इतकी सलग नोंद अन्य कोणी क्वचितच ठेवली असेल. मात्र प्रत गिऱ्हाइकाबरोबर निघून जात असल्याने ती नोंद एका जागी कोठेच सापडत नाही.

गेटवेपासून थोड्याच अंतरावर, शहीद भगतसिंह मार्गावर, नौदल गोदीचा लायन गेट आहे. वाडिया घराण्यातील लवजी नसरवानजी यांनी १७३० च्या दशकात येथे जहाजबांधणीस आरंभ केला. या गोदीत १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले असून ते पाहता येते आणि त्याची छायाचित्रेही काढता येतात. ज्या गोदीत ते बांधले तिचे छायाचित्र मात्र मुंबईकराला काढता येत नाही. लायन गेटसमोर ‘ग्रेट वेस्टर्न’ ही जुनी इमारत आहे. तिच्याकडे तोंड करून कॅमेरा उचलला तर ते वारसावास्तूचे छायाचित्रण ठरते. त्याच पदपथावर उभे राहून पाठ फिरवली की समोर संत्री असतो. पाळी सुटल्यावर गेटातून लोंढ्याने बाहेर पडणारे कामगार, पांढऱ्या गणवेशातील नौसैनिक, चहाच्या टपरीवर मिसळलेले दोघे, ही या भागाची खरी दृश्ये. ती टिपणाऱ्याला गेट चौकटीबाहेर ठेवण्याची काळजी घ्यावी लागते.

दक्षिणेला कुलाब्यात अफगाण चर्च आहे. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले हे चर्च १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले आणि त्याचा उंच मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. लष्करी वास्तुकलेचे छायाचित्रण करणाऱ्याला मुंबईत यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही. इमारत सैनिकांची, आतील शिलालेख सैनिकांचे, आणि तरीही ती प्रार्थनेची जागा असल्याने पाहुण्यांना बहुधा मज्जाव होत नाही. तेथून पुढे नेव्ही नगरकडे जाताना पहाऱ्याची हद्द सुरू होते.

उंचीचा प्रश्न याच भागात चव्हाट्यावर आला. कुलाब्यातील ‘आदर्श’ या ३१ मजली इमारतीला नौदलाने घेतलेल्या आक्षेपांत सुरक्षेचा मुद्दा प्रमुख होता. वरच्या मजल्यांवरून लष्करी परिसर नजरेच्या टप्प्यात येतो, असे म्हणणे होते. २०१० मध्ये सदनिकावाटपाचे प्रकरण बाहेर आल्यावर तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला. राजकीय गदारोळात तो मुद्दा मागे पडला, तरी तळाजवळच्या छायाचित्रणाच्या दृष्टीने महत्त्व त्यालाच आहे. भिंतीची उंची ठरलेली असते, शेजारच्या खिडकीची नसते.

कायद्याच्या बाजूने पाहता या विषयावर मुख्यत्वे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. त्याच्या व्याख्येनुसार रेखाचित्रात छायाचित्राचाही समावेश होतो आणि छायाचित्रात न धुतलेली फिल्म व काचपट्टी (फिल्मऐवजी पूर्वी वापरली जाणारी काच) हीही येते. राज्याच्या सुरक्षिततेस किंवा हितास बाधक अशा हेतूने प्रतिबंधित जागेजवळ जाणे, तिची पाहणी करणे, शत्रूस उपयोगी पडू शकेल असे रेखाचित्र काढणे हा गुन्हा आहे. संरक्षणविषयक जागांच्या बाबतीत त्यास १४ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. म्हणजे गुन्ह्याचा गाभा हेतू हा आहे. परंतु कलम ३ मधील तरतुदीनुसार विशिष्ट कृत्य सिद्ध झाले नाही तरी परिस्थिती, वर्तन किंवा ज्ञात चारित्र्य यांवरून हेतूचा निष्कर्ष काढता येतो. त्यामुळे निरुपद्रवी हौशी माणसाचेही ‘मी फक्त फोटो काढत होतो’ एवढे उत्तर पुरेसे ठरेलच, असे नाही. प्रत्यक्षात बहुतेक प्रसंग इथवर जात नाहीत. संत्री हटकतो, ओळखपत्र पाहतो, छायाचित्र पुसायला लावतो. शंका वाटली तर पोलिसांना बोलावले जाते. काचपट्टीच्या काळातील हा कायदा आज लाँचवरच्या प्रत्येक प्रवाशाच्या खिशातील मोबाइलला लागू होतो. अशा वेळी मनाईच्या फलकांवर नेमकी हद्द लिहिलेली नसणे, ही व्यवस्थेतील मोठी उणीव म्हणावी लागेल.

किनाऱ्यावरचा संशय निराधार नाही. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडी व दिघी येथे उतरवली गेली होती आणि नोव्हेंबर २००८ मधील हल्लेखोर समुद्रमार्गेच कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी, तटरक्षक दलाची गस्त आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांवर भर आला. सप्टेंबर २०१६ मध्ये उरण येथील शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितल्यावर संपूर्ण किनाऱ्यावर शोधमोहीम सुरू झाली. हाती काही लागले नाही. अशा भागात तिपाई लावून बंदराकडे कॅमेरा रोखणाऱ्या अनोळखी माणसाची चौकशी पहारेकऱ्याच्या आधी गावकरीच करतात.

लाँचवरील छायाचित्रण हा वेगळाच प्रकार आहे. गेटवे ते मांडवा किंवा घारापुरी आणि भाऊचा धक्का ते मोरा या मार्गांवरून जाताना नौदलाच्या नौका अनेकदा दिसतात. हिवाळ्यात प्रवासी समुद्रपक्ष्यांना कुरकुरे फेकतात, पक्षी हाताजवळ येतात, आणि त्या क्षणी टिपलेल्या छायाचित्रात मागे एखादी करडी युद्धनौका सहज येऊन जाते. ती टिपण्याचा कोणाचाही हेतू नसतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. ती बोट वळसे घेत अंगावर येतानाचे चित्रण एका प्रवाशाच्या मोबाइलमध्ये झाले होते, आणि अपघात कसा झाला हे लोकांना त्यातूनच प्रथम दिसले. सुरक्षेच्या कारणाने ज्याकडे संशयाने पाहिले जाते असे प्रवाशाचे चित्रण सार्वजनिक हिताचे कसे ठरू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मार्वे येथे ‘हमला’ हा नौदलाचा तळ असून मनोरीची फेरी त्याच्या जवळूनच सुटते. मासळीच्या पाट्या, दुचाक्या आणि आक्सा किनाऱ्यावर जाणारे तरुण यांचीच छायाचित्रे तेथे निघतात.

दक्षिणेकडे गेले की दृश्य पालटते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येते. तेथे चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा यॉर्कशरमधील लो मूर कारखान्यात ओतलेल्या आहेत आणि त्यांच्यावर बसून छायाचित्र काढून घेतल्याशिवाय सहली परतत नाहीत. पर्यटकांच्या बैठकीने लोखंड जागोजाग गुळगुळीत झाले आहे. थळसमोरील खांदेरी बेट १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी ताब्यात घेऊन तटबंद केले. त्यावरून इंग्रजांशी समुद्रात लढाई जुंपली. आज तेथे १८६७ चे दीपगृह, वेताळाचे स्थान आणि कोळी भाविक यांची छायाचित्रे मोकळेपणाने घेता येतात. याच बेटाचे नाव धारण करणारी पाणबुडी २०१९ मध्ये नौदलात दाखल झाली. तिचे छायाचित्र नौदल देईल तेवढेच पाहायला मिळते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा ठेवा म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत कोकणातील रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच आहेत.

या किल्ल्यांच्या छायाचित्रांत बुरूज, चर्या (तटावरचे कंगोरे), जंग्या (मारा करण्यासाठी तटात ठेवलेली भोके) भरपूर असतात, माणसे कमी. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या पार्श्वभूमीवर संध्याकाळी वाळूत भरणारा मासळीचा लिलाव किंवा सिंधुदुर्गाच्या तटाआत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे हा विषय किल्ल्याइतकाच मोलाचा आहे. तो अजून पुरेसा हाताळला गेलेला नाही. दापोलीचेही तसेच. १८१८ नंतर दक्षिण कोकणातील इंग्रजी पलटणीचे ठाणे येथे होते, म्हणून लोक आजही ‘काँप दापोली’ (काँप म्हणजे लष्करी छावणी) म्हणतात. पलटणी गेल्या, पण पेन्शनर मागे राहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ येथेच राहिले होते. काँपाची खरी चित्रशाळा गावोगावच्या घरांत आहे. माजघराच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींशेजारी, वर्दीतल्या आजोबांचे स्टुडिओत काढलेले छायाचित्र टांगलेले असते आणि त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर कधीकधी पलटणीचे नाव असते.

नौदलाने २०२३ चा नौदल दिन मालवणजवळ तारकर्ली येथे साजरा केला. नौदलाचा मोठा तळ नसलेल्या ठिकाणी झालेला हा पहिलाच असा सोहळा होता. एरवी ज्या नौकांकडे कॅमेरा रोखू नये असे सांगितले जाते, त्याच नौका आणि लढाऊ विमाने त्या संध्याकाळी हजारो मोबाइलपुढे मुद्दाम आणली गेली. गोपनीयता आणि प्रदर्शन ही दोन्ही लष्कराचीच गरज असते. कोणत्या दिवशी कोणती गरज वरचढ ठरेल हे अर्थातच लष्कर ठरवते. 

ड्रोनबाबत मात्र संदिग्धता फारशी नाही. नौदलाच्या आस्थापनांपासून ३ किलोमीटरच्या परिघात विनापरवाना ड्रोन उडवण्यास २०२१ मध्ये बंदी जाहीर झाली. त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे परवानगीच्या गरजेनुसार लाल, पिवळे व हिरवे असे विभाग पाडले. मुंबई पोलीसही वेळोवेळी स्वतंत्र मनाई आदेश काढतात. विमानतळावर आणि उडत्या विमानातून छायाचित्रे घेण्यावर १९३७ च्या विमान नियमांपासूनच निर्बंध आहेत. जमिनीवरून काम करणाऱ्यांत जे संकेत रूढ होत आहेत त्यांत प्रवेशद्वारे, पहाऱ्याच्या चौक्या, अँटेना व वाहनांचे क्रमांक चौकटीबाहेर ठेवणे, जवानांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या चेहऱ्यांसाठी परवानगी घेणे आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी छायाचित्राच्या फाइलमध्ये आपोआप नोंदली गेलेली स्थळाची माहिती काढून टाकणे यांचा समावेश होतो.