फाइल उघडताच सगळं लाल दिसतंय?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : डॉकबुक ४.५ आणि ५.०

डॉकबुकमध्ये, म्हणजे मॅन्युअलसारख्या मजकुरासाठी ठरवलेल्या एक्सएमएल टॅगांत, लिहिलेलं जुनं मॅन्युअल एक्सएमएल एडिटरमध्ये उघडलं, पहिल्या टॅगपासून लाल रेघा दिसल्या की आम्हाला फोन येतो, "फाइल करप्ट झाली." बहुतेक वेळा फाइलला काहीही झालेलं नसतं. ती लिहिली एका स्कीमानुसार (कोणता टॅग कुठे चालतो याची नियमावली) आणि एडिटर तपासतोय दुसऱ्याच स्कीमानं, एवढाच घोळ असतो. खरोखर टॅग उघडा राहिला असेल, तर एडिटर सहसा एकाच जागी अडतो. पानोपानी रेघा मारत सुटत नाही.

म्हणून आधी फाइलचा माथा बघा. डॉकटाइपची (<!DOCTYPE नं सुरू होणारी) ओळ असेल आणि तीत व्ही४.५ दिसत असेल, तर फाइल जुन्या डीटीडीवरची (जुन्या धर्तीच्या स्कीमावरची) आहे. ५.० मध्ये ही ओळ सहसा नसते. बुक किंवा आर्टिकल या मूळ टॅगमध्येच नेमस्पेस आणि व्हर्जन लिहिलेलं असतं. नेमस्पेस म्हणजे टॅगचं आडनाव समजा. ४.५ च्या टॅगांना आडनावच नाही, त्यामुळे ५.० चा स्कीमा त्यांतल्या एकालाही ओळख देत नाही.

एडिटरच्या सेटिंगमध्ये ४.५ ची डीटीडी निवडा, रेघा जातील. फक्त छपाईच करायची असेल, तर आमच्या मते फाइल ४.५ मध्येच राहू द्यावी.

५.० वर जायचंच असेल, तर हातानं दुरुस्त्या करू नका. नेमस्पेस घातली की पुढचा लाल डोंगर उभा राहतो : आयडीच्या जागी एक्सएमएल:आयडी हवं, यूलिंकच्या जागी लिंक, बुकइन्फोच्या जागी नुसतं इन्फो. आमच्या एका ग्राहकानं रात्र जागून 'चालत नाहीत' म्हणून सगळे आयडी पुसून टाकले. रेघा कमी झाल्या खऱ्या, पण 'प्रकरण ३ पाहा' छापाचे सगळे दुवे निराधार झाले. डॉकबुकवाल्यांनी याच कामासाठी डीबी४-अपग्रेड नावाची स्टाइलशीट (फाइलचं आपोआप रूपांतर करणारी नियमांची फाइल) दिलेली आहे, ती वापरा. मूळ फाइलची कॉपी मात्र आधी काढा, कारण उत्पादनाच्या नावासाठी तुम्ही एंटिटी (एकदाच ठरवून सगळीकडे वापरायचं लघुनाव) केली असेल, तर रूपांतरानंतर तिच्या जागी नुसतं नाव उरतं. पुढच्या वर्षी नाव बदललं की ते पानोपानी बदलत बसावं लागेल.

ऑफिसात चालणारी फाइल घरी चालत नसेल, तर कॅटलॉग तपासा. डीटीडी कुठे ठेवली आहे हे एडिटरला तोच सांगतो आणि घरच्या मशीनवर तो बहुधा नसतो.

एवढं करूनही अडलं तर फाइलच्या पहिल्या दहा ओळी आणि एररच्या यादीतला सर्वांत वरचा मेसेज पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा. फोटोत नेमका तो मेसेज अर्धा कापलेला असतो.