कोळशाच्या दाण्यावरची वस्ती

सक्रिय कोळशाचे मूठभर कोरडे दाणे काचेच्या पेल्यात घ्या आणि वरून पाणी ओता. बारीक सुरसुर ऐकू येते, बुडबुडे कितीतरी वेळ वर येत राहतात. दाण्यांच्या छिद्रांत दडलेली हवा पाणी हुसकून लावत असतं. करवंटी किंवा दगडी कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेत तापवला की ही छिद्रं तयार होतात. एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर साधारण १००० चौरस मीटर भरतील!

कारखान्याच्या सांडपाण्यातले रंग, फिनॉल, कीटकनाशकांचे अंश या भिंतींना चिकटतात. हे अधिशोषण. भिंती भरल्या की कोळसा काढून पुन्हा भट्टीत घालायचा, आणि खरा खर्च तिथेच असतो.

गाळणीत काही आठवडे राहिलेल्या कोळशावर जिवाणू आपणहून वस्ती करतात. त्यांना हाकलण्यापेक्षा नांदू देणं फायद्याचं, कारण दोघांच्या आवडी वेगळ्या. मिथेनॉलसारखे लहान रेणू कोळशाच्या हातून निसटतात, जिवाणू मात्र ते चटकन फस्त करतात. उलट, बेंझिनची कडी (सहा कार्बन अणूंचं वलय) असलेले अनेक बोजड रेणू जिवाणूंना पचायला जड. ते कोळसा घट्ट धरतो.

शिवाय कारखान्याचं पाणी रोज सारखं नसतं. एखाद्या दिवशी फिनॉलचा लोंढा आला, तर उघड्यावरचे जिवाणू मरतील. इथे कोळसा तो झेलतो. पुढे पाण्यातलं प्रमाण उतरलं की धरलेलं थोडंथोडं सोडतो, आणि जिवाणू ते खातात. म्हणजे जागाही मोकळी होते.

मात्र ‘हा कोळसा कधी बदलावाच लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा, आणि सर्वांत बारीक छिद्रं दोन नॅनोमीटरहूनही अरुंद, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्शाहून लहान. तो आत शिरूच शकत नाही. तिथे रुतून बसलेलं बहुतेक तसंच राहतं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर तर या जोडीचा फारसा इलाज चालत नाही.

वस्ती जगवायची तर पाण्यात ऑक्सिजन हवा, आणि अधूनमधून बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून गाळणी धुणं. तो हलका पडला तर थर साचून गाळणी तुंबते. फार जोरात दिला तर जिवाणूच वाहून जातात आणि पुन्हा काही आठवडे थांबावं लागतं.