फ्लाय फिशिंग : पहाडी नद्या आणि कृष्णा-कोयनेचे खोरे

गळावर पिसे, केस आणि दोरा बांधून तयार केलेल्या नकली किड्याने मासा पकडण्याची पद्धत. या नकली किड्याला ‘फ्लाय’ म्हणतात. साध्या गळाला शिशाची गोळी किंवा आमिषाचे वजन असते आणि ते तंगूस, म्हणजे गळाचा बारीक दोरा, लांब ओढून नेते. फ्लायला जवळजवळ वजनच नसते, म्हणून येथे दोरी वजनदार ठेवतात. प्लॅस्टिकचा लेप चढवलेली ही जाड दोरी काठीने आधी मागे आणि मग पुढे झोकली, की गाडीवानाच्या चाबकासारखी हवेत उलगडते आणि टोकाच्या बारीक पारदर्शक तंगुसाला बांधलेली फ्लाय पाण्यावर अलगद टेकते. काठी साधारण नऊ फुटांची असते. दोरीच्या वजनानुसार तिला क्रमांक असतो : ट्राउट या गार पाण्यातल्या माशासाठी बहुधा 4 ते 6, बास या माशासाठी 6 ते 8, आपल्या नद्यांतल्या मोठ्या महसीर माशासाठी त्याहून वरचा.

पद्धत जुनी आहे. इ. स. 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधून मासे धरत असल्याचे नोंदवले आहे. आजही फ्लाय बांधण्यात कोंबड्याच्या मानेची पिसे, हरणाचे केस आणि मोरपिसाचे तंतू यांनाच मान आहे.

फ्लायचे ढोबळ प्रकार तीन. पाण्यावर तरंगणारी ‘ड्राय’, पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी ‘निंफ’ आणि छोट्या माशाची नक्कल करणारी ‘स्ट्रीमर’. पुस्तकातल्या चित्रांत ड्राय फ्लायवर झेपावणारा ट्राउट दाखवलेला असला, तरी ट्राउट बहुतेक खाणे पाण्याखालीच उरकतो, त्यामुळे निंफच अधिक उपयोगी पडते. बास हा वेगळ्या कुळातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा. त्यातला स्मॉलमाउथ वाहत्या पाण्यातल्या खडकांत राहतो, लार्जमाउथ संथ पाण्यात. दोघेही बेडूक, छोटे मासे आणि कोळंबीसारखे प्राणी गिळतात, म्हणून बासची फ्लाय मोठी आणि पाण्यावर आवाज करणारीही असते.

खरे कसब फेकण्यापेक्षा पाणी ओळखण्यात आहे. धावत्या पाण्यात मासा सतत पोहत बसत नाही. तो खडकाच्या आडोशाला, जोरकस धार आणि संथ पाणी यांच्या शिवेवर थांबतो आणि धारेतून वाहत आलेले भक्ष्य टिपतो. फ्लायही त्याच वेगाने वाहत आली पाहिजे. मधल्या धारेने दोरी ओढली, की फ्लाय पाण्यावर रेघ काढत सरकते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून दोरी पाण्यावर पडताच काठीच्या हलक्या हिसक्याने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवतात. एवढी एक गोष्ट हातात बसायला नवशिक्याचे कित्येक दिवस जातात.

म्हणूनच या खेळात वाटाड्या, म्हणजे गाइड, महत्त्वाचा. अमेरिकेतल्या मेन राज्यात गाइडला 1897 पासून परवाना लागतो, आणि पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना मिळाला. मोंटानाच्या नद्यांवर गाइड वल्ह्याच्या नावेतून पाहुण्याला घेऊन जातो. सकाळी तो पाण्याचे तापमान पाहतो, तळातला दगड उलटून कोणत्या अळ्या चिकटल्या आहेत ते बघतो आणि त्यावरून फ्लाय निवडतो. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले, की चांगला गाइड ट्राउटची मासेमारी थांबवतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि दमलेला मासा सोडून दिला तरी मरतो.

भारतात ट्राउट इंग्रजांनी आणला. काश्मीरमध्ये 1900 मध्ये त्याची अंडी यशस्वीपणे उबवली गेली, पुढे निलगिरी आणि कुलू भागातही तो स्थिरावला. सातारा-सांगलीच्या नद्यांत मात्र तो नाही, आणि त्याचे कारण थंडाव्यात आहे. निलगिरीतले ट्राउटचे ओढे दोन हजार मीटरच्या आसपास आहेत, तर महाबळेश्वर 1,350 मीटरच्या घरात. तिथे उगम पावलेली कृष्णा वाईला पोहोचेपर्यंत सातशे मीटरवर उतरलेली असते. डोंगरावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो खरा, पण बर्फ नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ओढ्यांत डबकी उरतात. अमेरिकेच्या टेनेसीसारख्या उष्ण राज्यात धरणाच्या तळातून सुटणाऱ्या गार पाण्यावर ट्राउट जगतो. मग कोयना धरणाखाली का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. पण आपल्याकडे हिवाळाच सौम्य, त्यामुळे शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, तळचे पाणीही तेवढे गार होत नाही.

बासचे प्रकरण उलटे. त्याला आपले पाणी सोसेल, आणि भीती त्याचीच आहे. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत लार्जमाउथ बास आहे, आणि 1952 मध्ये भारतात आणलेली चिलापीही (तिलापिया) आहे. चिलापीने आपल्या धरणांत काय केले, हे कोणताही भोई सांगेल. हौसेसाठी बास सोडण्याची कल्पना कुणी मांडली, तर ती मुळातच खुडावी.

फ्लायला योग्य मासे येथे आधीच आहेत. दख्खनी महसीर सर्वांत मानाचा. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून 1839 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याचे बीज तयार होऊ लागले आणि 1970 च्या दशकापासून ते कावेरीतही सोडले गेले. तिथे त्याने स्थानिक, अस्सल कावेरीच्या महसीराला मागे रेटले. शेजारच्या खोऱ्यातला मासाही परका ठरू शकतो, याचे हे उदाहरण. महसीराखेरीज शेवाळाच्या कडेला दबा धरणारी मरळ बेडकासारख्या तरंगत्या फ्लायवर तुटून पडते.

गळाची हौस या भागाला नवी नाही. कराडच्या प्रीतिसंगमाजवळ काय किंवा वाईच्या खाली काय, तंगूस, थर्माकोलचा तुकडा आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी घेऊन बसलेली माणसे दिसतातच. कुठल्या डोहात केव्हा मासा असतो, हे भोई समाजाच्या जुन्या लोकांना पाठ असते. येथे कधी गाइडची प्रथा रुजली, तर परगावच्या प्रशिक्षकाआधी त्यांना विचारावे लागेल. काठावर उंबर-करंजांची दाटी असल्याने दोरी मागे झोकायला जागा नसते. तिथे ती पाण्यावरूनच गोल उलटून पुढे टाकतात.

पाण्यात उतरून मासे धरण्याची परदेशी रीत मात्र सगळीकडे चालणार नाही. सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. कोयनेत धरणाचा विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढते. शिवाय कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे. धरणांचे जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा त्यांची परवानगी लागते.

हंगाम दिवाळीनंतर पाणी निवळल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात, तेव्हा गळ गुंडाळून ठेवावा. महसीर सोडायचा असेल तर टोकाजवळ उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करूनच मासा धरावा आणि फोटोसाठी तो पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नये. जिलेटिनचा बार उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी आडवळणाच्या डोहांत ते प्रकार होतात. तसा बार झालेल्या डोहात पुढे कितीतरी काळ फ्लाय टाकण्यात अर्थ नसतो.