वर्गातली ऐतिहासिक कादंबरी : कोल्हापूरची पार्श्वभूमी

इतिहासाच्या तासाला कादंबरी वाचून दाखवावी का, असं शिक्षक विचारतात. कोल्हापुरात तरी ती शिक्षकांच्या आधीच मुलांपर्यंत पोहोचलेली असते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, १८७१ पासून मानतात. पुढे हरि नारायण आपट्यांनी तिला मोठा वाचक मिळवून दिला. त्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते १९१७ साली. पाटी-पेन्सिल नुकती हाती आलेल्या घरांना तानाजी पडद्यावरही भेटू लागला तो असा. नंतरची मोठी नावंही याच मातीतली: ‘स्वामी’ लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, ‘छावा’ लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. सावंत तर कोल्हापुरात शिक्षकच होते.

वर्गासाठी सगळ्यांत मोलाचं उदाहरण संभाजीराजांचं आहे. मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली ती राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तिच्यातला व्यसनी, उतावळा संभाजी नाटककारांनी उचलला आणि लोकांनी तोच खरा मानला. वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं कागद धुंडाळून १९६० साली चरित्र छापलं, तेव्हा ते चित्र हललं. ‘छावा’ आली १९७९ मध्ये. संशोधकाने पुसलेला डाग घराघरांतून पुसला गेला तो बराचसा कादंबरीमुळे, आणि हे श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण आधीचा डाग पसरवणारेही ललित लेखकच होते. मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच तासाला कळायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून उतारा जरूर वाचावा, रंगवून वाचावा. मग मुलांना विचारावं: राजा-राणीचं हे एकांतातलं बोलणं लेखकाला कुठून कळलं? तारीख कुठली, तह कुठला, आणि कल्पनेने भरलेली जागा कुठली? आठवी-नववीची मुलं पेन्सिलीने अशा ओळी सहज वेगळ्या करतात. शेजारी एखाद्या अस्सल पत्राचं देवनागरीत उतरवलेलं पान असलं की काम आणखी सोपं होतं. कोल्हापुरातच पुरालेखागार आहे आणि संस्थानचे मोडी कागद तिथे जपलेले आहेत.